गुळवेल, सेप्सिस आणि उंदीर: एलपीएस द्यावं की सीएलपी करावं?

प्रश्न असा आहे. पुण्यात औषधनिर्माणशास्त्रात पीएचडी करणाऱ्या एका विद्यार्थिनीला गुळवेलीच्या अर्काचा सेप्सिसमध्ये उपयोग होतो का, हे उंदरांवर तपासायचं आहे. तिचा बेत: सात दिवस अर्क तोंडावाटे द्यायचा, आठव्या दिवशी एलपीएस (जंतूंच्या आवरणातला, दाह पेटवणारा रेणू) टोचायचं, रक्तातलं टीएनएफ आणि आयएल-६ हे दाहाचे रेणू मोजायचे, आणि २४ तासांत प्रत्येक गटातल्या सहापैकी किती उंदीर जगले ते पाहायचं. गाइडना एवढं पुरेसं वाटतं. एका परीक्षकाने मात्र "सीएलपी का नाही?" असं विचारलं; सीएलपी म्हणजे उंदराच्या आतड्याला भोक पाडून पोटात खरा संसर्ग घडवण्याची शस्त्रक्रिया. शेवटी तिने स्वतःची शंका लिहिली आहे: उंदरांत यशस्वी ठरलेली इतकी औषधं माणसांत फसली असतील, तर हे प्रयोग करणं योग्य तरी आहे का?

मी बावीस वर्षं सेप्सिसच्या प्राणी-प्रयोगांत काम करते आहे. उत्तर लांबणार आहे, कारण तिन्ही शंका एकमेकींत अडकलेल्या आहेत. पण आधी एक सांगते. तुमच्या बेतातली मोठी अडचण एलपीएस ही नाही. ती 'सात दिवस आधी' या शब्दांत आहे.

कॅज्युअल्टीतला रुग्ण डोळ्यांसमोर आणा. साठीतला माणूस, दहा-बारा वर्षांचा मधुमेह, तळपायाला चिघळलेली जखम. दोन दिवस ताप होता, आज सकाळपासून असंबद्ध बोलतोय, दुपारपासून लघवी झालेली नाही, बीपी लागत नाही. डॉक्टर नातेवाइकांना सांगतात, "इन्फेक्शन अंगभर पसरलंय." २०१६ साली सेप्सिसची व्याख्या बदलली ती याच चित्रावर बोट ठेवते: संसर्गाला शरीर जो प्रतिसाद देतं त्याचा तोल जातो, त्यातून अवयव निकामी होऊ लागतात आणि जीव धोक्यात येतो. नुसते रक्तातले जंतू म्हणजे सेप्सिस नव्हे आणि नुसता दाहही नव्हे. २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख मृत्यू त्याच्याशी निगडित होते, असा अंदाज आहे. म्हणजे त्या वर्षीच्या सगळ्या मृत्यूंपैकी जवळपास पाचवा हिस्सा.

हा माणूस आठवडाभर तुमचा अर्क घेऊन आलेला नाही. तो आला तेव्हा आजार अर्ध्या वाटेवर होता. आधी औषध देऊन मग आजार घडवला, तर तुम्ही उपचार तपासत नाही, प्रतिबंध तपासता. प्रबंधाच्या शीर्षकात 'सेप्सिसवरील उपचार' असे शब्द असतील, तर प्रयोग आणि शीर्षक यांचा मेळच बसत नाही.

प्रतिबंधाचा प्रश्न निरर्थक आहे असं मात्र मी म्हणणार नाही, आणि त्याला मुंबईतलाच दाखला आहे. केईएम रुग्णालयाच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात डॉ. शरदिनी डहाणूकर, डॉ. ऊर्मिला थत्ते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या आणि १९९०च्या दशकांत गुळवेलीवर काम केलं. पोटात संसर्ग घडवलेल्या प्राण्यांवर त्यांनी ती तपासली. नंतर पित्तनलिका अडल्यामुळे कावीळ झालेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेआधी गुळवेल देऊन एक लहान चाचणीही केली. त्या रुग्णांची निवड मला फार विचारपूर्वक केलेली वाटते. अशा काविळीत शस्त्रक्रियेनंतर सेप्सिसचा धोका मोठा असतो, आणि शस्त्रक्रिया कधी होणार हे आधीच ठरलेलं असतं. औषध आधी द्यायला तिथे खराखुरा वाव आहे. तुम्हाला सात दिवस आधीच द्यायचं असेल, तर असा रुग्ण डोळ्यांसमोर ठेवा आणि प्रबंधात तसं स्पष्ट लिहा.

आता एलपीएसबद्दल. एलपीएस म्हणजे ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंच्या बाहेरच्या आवरणातला रेणू, ज्याला आपण एंडोटॉक्सिन म्हणतो. तो टोचला की जंतू नसतानाही शरीर जंतूंचा हल्ला झाल्यासारखं पेटून उठतं. या साधनाने विज्ञानाला फार मोठं काही दिलं आहे. सी३एच/एचईजे नावाच्या जातीच्या उंदरांवर एलपीएसचा परिणामच होत नाही. असं का, याचा माग काढत ब्रूस ब्यूटलर यांचा गट १९९८ साली टीएलआर-४ या ग्राहकाच्या (पेशीवरच्या, एलपीएस ओळखणाऱ्या प्रथिनाच्या) जनुकापर्यंत पोहोचला. २०११ सालच्या नोबेल पारितोषिकात ब्यूटलर यांचा वाटा होता तो याच कामासाठी. एलपीएस हे रेणूंची साखळी उलगडायचं उत्तम हत्यार आहे. त्याला सेप्सिसचा रुग्ण समजणं ही चूक.

का, ते सांगते. एलपीएस दिल्यावर उंदराच्या रक्तातलं टीएनएफ दीड-दोन तासांत शिखरावर जातं आणि तितक्याच झपाट्याने उतरतं. वॉर्डातल्या रुग्णात इतकं उंच शिखर सहसा दिसत नाही. तिथे आग दिवसेंदिवस धुमसत राहते. मात्रेचाही विचार करा. निरोगी स्वयंसेवकाला थंडी-ताप आणायला किलोमागे २ ते ४ नॅनोग्रॅम एलपीएस पुरतं. उंदीर मारायला किलोमागे कित्येक मिलिग्रॅम लागतात. ताप आणणं आणि मारणं या दोन गोष्टींची थेट तुलना होत नाही हे खरं, पण फरक लाखोंच्या पटीत आहे, आणि तो उंदराची मूळ घडणच वेगळी असल्याचं सांगतो.

याहून महत्त्वाचं म्हणजे एलपीएसच्या प्रयोगात जिवंत जंतू नसतात. त्यामुळे प्रतिकारशक्ती दाबण्याची काही किंमतच मोजावी लागत नाही. टीएनएफ खाली आणणारं जवळपास काहीही दिलं की उंदीर जगतो आणि आलेख सुंदर येतो. खऱ्या संसर्गात तेच टीएनएफ जंतूंना रोखून धरत असतं.

इथे चार वर्षं शेजारी शेजारी ठेवून पाहा. १९८५ साली टीएनएफविरोधी अँटिबॉडी आधी दिलेले उंदीर एलपीएसमधून वाचतात असं दिसलं. १९८७ साली बबून माकडांच्या रक्तात ई. कोलाय सोडण्याच्या दोन तास आधी अशी अँटिबॉडी दिली, तीही वाचली. सगळ्यांना वाटलं, औषध सापडलं. पण १९९० साली एक वेगळा प्रयोग प्रसिद्ध झाला होता. त्यात उंदरांना जिवावर बेतणार नाही इतपत सौम्य सीएलपी केलं होतं. त्यांना टीएनएफविरोधी अँटिबॉडी दिली, आणि जे उंदीर एरवी बरे झाले असते ते मेले. त्यानंतर १९९६ साली सेप्टिक शॉकच्या १४१ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला. त्यांना टीएनएफला अडकवून ठेवणारं, ग्राहकापासून बनवलेलं प्रथिन दिलं होतं. प्लासिबो गटात ३० टक्के रुग्ण दगावले, सर्वांत मोठी मात्रा घेतलेल्या गटात ५३ टक्के.

हा इतिहास मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगते. "उंदीर फसवतात" हे वाक्य आपल्या क्षेत्रात फार सहज बोललं जातं. इथे उंदराने सहा वर्षं आधी इशारा दिला होता. फक्त तो पोटात खरा संसर्ग असलेला उंदीर होता. आपण ऐकलं ते एलपीएस दिलेल्या उंदराचं, कारण त्याचं उत्तर आपल्याला हवं तसं होतं. तुमच्या शेवटच्या शंकेला माझं अर्धं उत्तर हेच आहे.

तुमच्या बेताबाबत आणखी एक गोष्ट आहे, ती गाइडना जरूर दाखवा. गुळवेलीतून वेगळी केलेली जी१-४ए ही पॉलिसॅकराइड उंदरांना एलपीएसच्या धक्क्यापासून वाचवते, हे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलं आहे. म्हणजे तुमच्या प्रयोगाचा गाभा याच राज्यात आधीच होऊन गेला आहे. शिवाय इथे एक सापळा आहे. एलपीएसच्या छोट्या मात्रा आधी मिळत गेल्या, तर उंदीर पुढच्या मोठ्या मात्रेला दाद देत नाही. याला एंडोटॉक्सिन टॉलरन्स म्हणतात. वनस्पतींच्या अर्कांत जंतूंचं एंडोटॉक्सिन मिसळलेलं असणं अगदी सर्रास घडतं: माती, धुतलेलं पाणी, वाळवणाची जागा, कुठूनही. असा अर्क आठवडाभर दिला, विशेषतः टोचून, तर उंदीर गुळवेलीमुळे वाचला की त्यातल्या घाणीमुळे, हे सांगता येणार नाही. तोंडावाटे देताना धोका कमी असतो, पण अर्काची एलएएल चाचणी (एंडोटॉक्सिन मोजणारी) केल्याशिवाय एकही प्राणी हातात घेऊ नका. ही चाचणी काही दिवसांत होते. मी अर्कांवरचे शोधनिबंध तपासते तेव्हा सर्वांत आधी तिचा आकडा शोधते.

आता सीएलपी. मराठीत सांगायचं तर अंधांत्र बांधून त्याला भोक पाडणं. लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तिथे एक आंधळी पिशवी असते, तिला सीकम म्हणतात. माणसात ती लहान, उंदरात चांगली मोठी आणि विष्ठेने भरलेली. उंदराला भूल देऊन पोटावर छोटा छेद घ्यायचा, सीकम बाहेर काढायचं, त्याच्या टोकाकडचा ठरावीक भाग रेशमी धाग्याने बांधायचा, सुईने आरपार भोक पाडायचं, किंचित विष्ठा बाहेर येईल इतकं दाबायचं, सीकम परत आत ठेवून टाके घालायचे. पुढचं काम उंदराच्या स्वतःच्याच जंतूंचं. अपेंडिक्स फुटलेला किंवा आतड्याला छिद्र पडलेला रुग्ण असतो, त्याच्या हे बरंच जवळ जातं. १९८०पासून ही पद्धत रूढ आहे.

कागदावर हे चार ओळींचं काम आहे, आणि इथेच मुलं फसतात. आजार किती तीव्र होईल हे सर्वांत जास्त ठरतं ते गाठ कुठे बसली यावरून. टोकाकडचा थोडासाच भाग बांधला तर बहुतेक उंदीर तगतात. तीन-चतुर्थांश सीकम बांधलं तर दोन-तीन दिवसांत बरेचसे जातात. त्यानंतर सुईची जाडी आणि भोकांची संख्या. २१ गेजची सुई एकदा आरपार, हे मध्यम तीव्रतेसाठी नेहमीचं माप. गाठ लहान आतड्याच्या तोंडाजवळ सरकली तर आतड्याचा मार्गच बंद होतो, आणि मग तुम्ही सेप्सिस नव्हे तर आतड्याचा अडथळा अभ्यासत बसता. मी प्रत्येक उंदराच्या सीकमशेजारी पट्टी ठेवून गाठीचं अंतर मिलिमीटरमध्ये वहीत लिहायला लावते. "साधारण अर्धं" हे माप मी चालवून घेत नाही.

एक जुना अनुभव सांगते. मी पोस्टडॉक असताना आम्ही एक संयुग सीएलपीवर तपासत होतो. पहिल्या दोन फेऱ्यांत औषध दिलेल्या गटाचं जगणं कंट्रोल गटापेक्षा दुपटीने जास्त आलं. आनंद झाला, गोषवारा पाठवायची तयारी झाली. तिसऱ्या फेरीआधी वही चाळताना लक्षात आलं की कंट्रोलचे पिंजरे नेहमी सकाळी घेतले जात होते आणि औषधाचे दुपारी. शस्त्रक्रिया एकाच हाताने होत होती. सकाळी तो हात सावकाश चालायचा, उंदीर जास्त वेळ भुलेखाली, उघड्या पोटाने, थंड पडत राहायचा. दुपारपर्यंत हात बसलेला असायचा. आम्ही चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवला, औषधाच्या बाटल्यांवर फक्त आकडे लिहिले, आणि कोणाला काय दिलं हे माहीत नसलेल्या व्यक्तीने उंदरांची नोंद ठेवली. फरक नाहीसा झाला. आठ महिन्यांचं काम होतं आणि त्यात गेलेले प्राणी होते. त्यांचं दुःख मला अजून आहे. चिठ्ठ्या आणि आकडे यांना एक पैसा लागत नाही. त्यांच्याशिवाय सीएलपी करूच नये, इतकं माझं मत ठाम आहे.

सीएलपीची दुसरी मर्यादा अशी की काही उंदीर संसर्ग कोंडून टाकतात. पोटातल्या चरबीचा पदर सीकमला चिकटतो, आत गळू होतं, उंदीर दोन दिवस मलूल राहून पुन्हा खाऊ लागतो. त्याला संसर्ग झाला, सेप्सिस झाला नाही. म्हणून नुसतं सायटोकाइन (टीएनएफ, आयएल-६ यांसारखे रेणू) मोजून भागत नाही. शरीराचं तापमान, क्रिएटिनिन, यकृताची एन्झाइम्स, लॅक्टेट, आणि रक्तातल्या व पोटातल्या जंतूंची वसाहत-मोजणी हे सगळं हवं. जंतूंची मोजणी तर तुमच्यासाठी अत्यावश्यक, कारण तुमचा अर्क स्वतःच जंतूंना मारत असेल तर तुमचं सगळं स्पष्टीकरण बदलतं. गुळवेलीबाबत यकृताकडे आणखी एका कारणाने लक्ष द्या. गुळवेल घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१मध्ये प्रसिद्ध केल्या, आणि त्यावर वादही झाला. सेप्सिस न केलेला पण अर्क दिलेला एक गट ठेवा, म्हणजे त्या वादात तुमच्याकडून काहीतरी मोजलेलं जमा होईल.

आता ज्या भागाबद्दल मला सर्वांत जास्त तळमळ आहे तो. रुग्ण आयसीयूत आला की त्याला सलाइन लागतं, अँटिबायोटिक सुरू होतं, वेदना कमी केल्या जातात. आणि उंदीर? वर्षानुवर्षं आपण उंदराला यातलं काहीच न देता एकटं औषध टोचलं आणि म्हटलं, औषधाने जीव वाचवला. विनाउपचार उंदरात जे औषध चमकतं, ते अँटिबायोटिक आणि सलाइनच्या जोडीला काही भर घालतं का, हा खरा प्रश्न आहे. मे २०१७मध्ये व्हिएन्नात या क्षेत्रातले संशोधक याचसाठी जमले आणि पुढच्या वर्षी किमान दर्जाची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध झाली. त्यांचा मथितार्थ असा: उपचार आजार सुरू झाल्यानंतर द्या, द्रव द्या, अँटिबायोटिक द्या, वेदनाशामक द्या, गट चिठ्ठ्यांनी पाडा, आणि एलपीएसला माणसाच्या सेप्सिसचं प्रतिरूप समजू नका. परीक्षकाच्या प्रश्नाला तुम्हाला आधार हवा असेल तर तो इथे आहे.

तुमच्या प्रयोगात याचा अर्थ असा होईल. सीएलपीनंतर लगेच त्वचेखाली कोमट सलाइन. सहा तासांनी शेपटीतून रक्ताचा थेंब घेऊन आयएल-६ पाहा. सहाव्या तासाचं आयएल-६ पुढच्या तीन दिवसांत कोणता उंदीर दगावण्याची शक्यता जास्त ते बऱ्यापैकी सांगतं, हे २००२ सालीच दाखवलं गेलं आहे. मग इमिपेनेमसारखं अँटिबायोटिक दर बारा तासांनी, सर्व गटांना. आणि त्यानंतर, आधी नव्हे, निम्म्यांना अर्क. अशा मांडणीत मृत्यू कमी होतील आणि तुमच्या अर्काचा परिणामही लहान दिसेल. तो लहान आकडा खरा असेल.

रक्त काढताना जपून. पंचवीस ग्रॅमच्या उंदराच्या अंगात सगळं मिळून दोन मिलिलिटरही रक्त नसतं.

सहा-सहा उंदरांच्या गटांबद्दल स्पष्टच सांगते. एका गटात ४० टक्के जगतील आणि दुसऱ्यात ७० टक्के, असा भला मोठा फरक धरला, तरी तो ८० टक्के खात्रीने पकडायला प्रत्येक गटात जवळपास ४२ उंदीर लागतात. सहा उंदरांत जो फरक दिसतो तो बहुतेकदा नशिबाचा असतो. म्हणजे कमी प्राणी घेतल्याचं समाधान मिळतं आणि ते प्राणी वाया जातात. यातून मार्ग असा की जगणं-मरणं हे मुख्य मोजमापच ठेवू नका. २४ तासांनंतरचं क्रिएटिनिन किंवा पोटातल्या जंतूंची मोजणी यांसारखं सलग मोजता येणारं काही ठरवा. प्राणी कमी लागतील, आणि कोणालाही मरेपर्यंत ठेवावं लागणार नाही. एखाद्या जीवसांख्यिकी जाणणाऱ्या व्यक्तीजवळ प्रयोगाआधी तासभर बसा; प्रयोगानंतर गेलात तर तिला फारसं काही करता येत नाही.

उंदीर म्हणजे लहान माणूस नव्हे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत न्यूट्रोफिल जास्त, त्यांच्या रक्तात लिम्फोसाइट. आपल्याला बहुधा ताप येतो, त्यांचं अंग थंड पडतं. आणि २२ अंशांच्या एसी खोलीत ठेवलेला उंदीर तसाही कुडकुडतच असतो, त्याला सुखाचं तापमान ३० अंशांच्या आसपास. आपण वापरतो ते आठ-दहा आठवड्यांचे उंदीर म्हणजे ऐन तारुण्यातले, आणि आपला रुग्ण साठीचा. २०१३ साली एका गाजलेल्या निबंधाने म्हटलं की दाहात उंदराची जनुकं माणसासारखी वागतच नाहीत. पुढच्याच वर्षी जपानी संशोधकांनी तीच आकडेवारी वेगळ्या रीतीने तपासून नेमकं उलट म्हटलं. माझ्या मते त्या वादात अडकू नका. त्याच्या केंद्रस्थानी सीएलपी केलेले उंदीर नव्हतेच.

त्याहून मला २०१९चं 'वाइल्डलिंग' उंदरांचं काम जास्त मोलाचं वाटतं. प्रयोगशाळेतल्या जातीचा गर्भ रानटी उंदराच्या मादीत वाढवला. जनुकं प्रयोगशाळेची, अंगावरचे आणि आतड्यातले जंतू रानातले. टीएनएफ रोखण्याचा जो उपचार प्रयोगशाळेतल्या स्वच्छ उंदरांना वाचवतो, तो या उंदरांना वाचवू शकला नाही, अगदी माणसांसारखा. आपण इतकी वर्षं असा प्राणी वापरला ज्याच्या प्रतिकारशक्तीने जगात काही पाहिलेलंच नव्हतं.

जंतू बदलला की प्राणीही बदलावा लागतो. आपल्याकडे पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण सेप्सिससारखे येतात. जुलै २००५च्या पुरानंतरची मुंबई अनेकांना आठवत असेल. हा आजार नेहमीच्या प्रौढ उंदरावर अभ्यासायला गेलात तर निराशाच होईल. उंदराचं टीएलआर-४ लेप्टोस्पायराचं एलपीएस ओळखतं, माणसाचं ओळखत नाही. उंदीर निभावून नेतो, माणूस अंथरुणाला खिळतो. म्हणून तिथे सोनेरी हॅमस्टर किंवा गिनीपिग वापरतात. मेंढी आणि डुक्कर यांच्यावर व्हेंटिलेटर, नॉरॲड्रेनलिन, सगळं आयसीयूसारखं करता येतं, पण तो खर्च आणि ती व्यवस्था तुमच्या प्रबंधाच्या आवाक्यातली नाही.

राहिला योग्य-अयोग्याचा प्रश्न. तुम्ही तो विचारलात याचं मला मनापासून बरं वाटलं. कायद्याची चौकट तुम्हाला माहीत आहे: १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९९८चे नियम, सीसीएसईए (प्राणी-प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्रीय समिती), संस्थेची आयएईसी (प्राणी-नैतिकता समिती), फॉर्म बी (परवानगीचा अर्ज). पण समितीची मंजुरी म्हणजे फक्त परवानगी. सीएलपी ही प्राण्याला फार त्रास देणारी शस्त्रक्रिया आहे, हे स्वतःपासून लपवू नका. वेदनाशामक दिलं तर प्रतिकारशक्तीवर परिणाम होऊन निकाल बिघडतो, असं तुम्हाला कोणीतरी नक्की सांगेल. वेदनेचाही प्रतिकारशक्तीवर परिणाम होतोच, आणि तुमच्या रुग्णाला वेदनाशामक मिळालेलं असतं. ब्युप्रेनॉर्फिन सर्व गटांना द्या, शॅम शस्त्रक्रिया (नुसतं पोट उघडून बंद करणं) केलेल्यांनाही. ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, त्यामुळे कागदपत्रांत वेळ जातो. ती प्रक्रिया आजच सुरू करा.

प्राण्याला कोणत्या क्षणी वेदनारहित मरण द्यायचं हे आधी लिहून ठेवा. आमच्याकडे तापमान ठरवलेल्या रेषेखाली गेलं किंवा कुशीवर ठेवलेला उंदीर स्वतःहून सरळ होऊ शकला नाही, तर आम्ही वाट पाहत नाही, लगेच तसं मरण देतो. त्या पुढचे दोन-चार तास विज्ञानाला काही देत नाहीत, फक्त त्या जिवाला छळतात. ओलं मऊ अन्न पिंजऱ्याच्या तळाशी ठेवा, आजारी उंदीर वर चढून पाण्याच्या नळीपर्यंत पोहोचू शकत नाही. पिंजऱ्याचा अर्धा भाग गरम पॅडवर असू द्या.

आणि जे प्रश्न प्राण्याशिवाय सुटतात ते आधी सोडवा. निरोगी व्यक्तींचं दहा मिलिलिटर रक्त, त्यात एलपीएस, त्यात अर्क, मग सायटोकाइन: तुमचा मूळ एलपीएसचा प्रयोग असा माणसाच्याच पेशींवर होऊ शकतो. उंदराच्या एलपीएस प्रयोगापेक्षा तो मला जास्त उपयोगी वाटतो, आणि नैतिकता समितीची मान्यता व दात्यांची संमती एवढ्यावर भागतो. त्यात काहीच दिसलं नाही, तर सीएलपी खरंच करावं का, याचा तिथेच गांभीर्याने विचार करा. अर्काचे घटक शरीरात गेल्यावर बदलतात म्हणून प्रयोग पुढे न्यायचा असेल, तर ते कारण फॉर्म बीमध्ये शब्दांत मांडा.

तेव्हा क्रम असा धरा: एलएएल चाचणी, मग माणसाच्या रक्तावरचा प्रयोग, मग सहा ते आठ उंदरांचं पायलट, फक्त तुमच्या हाताने होणारं सीएलपी किती तीव्र बसतं हे पाहण्यासाठी, अर्काशिवाय. पायलटचे आकडे घेऊन नमुन्याची संख्या काढा आणि मगच मुख्य प्रयोग. पहिल्या काही शस्त्रक्रिया मेलेल्या प्राण्यांवर, अनुभवी हाताशेजारी बसून शिका. पायलट सोमवारी ठेवा. सीएलपीनंतरचे पहिले ७२ तास दर चार ते सहा तासांनी, रात्रीही, कोणीतरी पिंजऱ्यापाशी जायला हवं. शुक्रवारी शस्त्रक्रिया केली की शनिवार-रविवारी ॲनिमल हाउसमध्ये एकटा रखवालदार असतो, आणि सोमवारी सकाळी भुशात पडलेल्या उंदराकडे पाहून तो कधी गेला, कसा गेला हे कोणालाच सांगता येत नाही.